निळ्यावरच्या तांबड्या काड्या

फुक्सिन नावाच्या लाल रंगाचा डाग बोटांवरून जात नाही. साबण लावा, राख लावा, लिंबाची फोड चोळा, नखांच्या कडेला तो गुलाबी-तांबडा उरतोच. मेसमधली पोळ्या लाटणारी बाई मला रोज विचारायची, "आज कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस गं?" मी म्हणायची, "जंतूंच्या!" ती लाटणं हातात धरून हसायची. नंतर काही दिवस असे आले की तिच्यासमोर हातच पदराखाली धरायला लागले.

बाहत्तरचा दुष्काळ चालू होता आणि मी नगरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. विषय मायक्रोबायॉलॉजी. आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावात हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. माझे वडील, आबा, पारावर सांगायचे, "डोळ्याला न दिसणारे किडे बघायला शिकती माझी पोर." कुणी विचारलंच, की ते बघून काय करायचं, तर म्हणायचे, "आधी दिसू तर दे! मंग बघू काय करायचं ते."

माझा चुलता मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात. "रोगाच्या घरी पोर धाडतोस. उद्या तीच रोग घिऊन आली, तर कोण करायचं तिचं?" हे तो उगाच बोलत नव्हता. माझ्या आत्याला, म्हणजे या दोघांच्या थोरल्या बहिणीला, क्षय झाला होता. निदान तसं सगळे म्हणायचे. सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून आणून सोडली. आजोबांनी मळ्यात खोपट बांधून दिलं. तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. आम्ही पोरं भाकरीचं फडकं खोपटाच्या उंबऱ्यावर ठेवायचो, मागे सरायचो आणि धूम पळायचो. ती तिथेच गेली. खोपट तसंच राहिलं. घरात कुणी दोनदा खोकलं, तरी आई वळून बघायची. आता औषधं निघालीत, माणूस बरं होतं, हे माझ्या पुस्तकात होतं; पण आमच्या घरापर्यंत ते पुस्तक अजून पोचलं नव्हतं. चुलत्याला आबांनी उत्तर दिलं होतं, "माझी पोर हाय, मी बघीन." तेवढ्या एका वाक्याच्या जोरावर मी नगरला राहत होते.

हॉस्टेलवर रेक्टरबाई आम्हाला तालुक्याच्या नावाने हाका मारायच्या. एकसारख्या नावाच्या पोरी फार होत्या, त्यांना ते सोपं पडायचं. पुढे वर्गात पोरांनाही तशीच नावं पडली. मी पारनेर. माझ्या खोलीतली मैत्रीण अकोले, ती माझ्याच वर्गात. ती डोंगरातली, भाताच्या गावची, धरणाच्या बाजूची. पाय धुवायला अख्खी बादली घ्यायची. माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्यात मोठ्या घमेल्यात उभं राहून अंघोळ करायची, खाली साचलेलं पाणी धुण्याला, धुण्याचं शेवग्याला. आमच्या घरी तूप सांडलं तर आई नुसती चुकचुकायची, पाणी सांडलं की पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे मी आणि अकोले रोज सकाळी बादलीवरून भांडायचो आणि रात्री एका पांघरुणात बसून शेंगा खायचो.

तर त्या दिवशी क्षयाच्या जंतूंचं प्रॅक्टिकल होतं. आमच्या मॅडम पुण्याहून नव्याच आलेल्या, पांढरा कोट, बोलणं हळू. त्यांनी सरकारी दवाखान्यातून रोग्यांच्या थुंकीच्या स्लाईडी आणल्या होत्या. काचेवर थुंकीचा पातळ थर देऊन, तो ज्योतीवर धरून पक्का केलेला. "यातले जंतू मेलेले आहेत, घाबरू नका," असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. प्रत्येकाने एक स्लाईड रोग्याची रंगवायची आणि शेजारी एक निरोगी माणसाची. निरोगी माणूस म्हणजे आपण स्वतःच. वर्गात हशा झाला. सगळ्यांनी घसा खाकरून काचेवर थुंकी पसरली आणि ज्योतीवर धरली.

हे रंगवणं मला फार आवडायचं. स्लाईडवर लाल फुक्सिन ओतायचं आणि खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा. वाफ निघाली पाहिजे, पण उकळी येता कामा नये, दुधावर लक्ष ठेवतात तसं. मग धुवायचं. मग त्यावर ॲसिड आणि अल्कोहोल ओतलं की लाल रंग भराभर निघून जातो. सगळ्यांचा जातो, क्षयाच्या जंतूचा मात्र जात नाही. त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, एकदा गरम रंग आत शिरला की तो सोडत नाही. पुन्हा धुवायचं. वरून निळा रंग द्यायचा. पुन्हा धुवायचं, टीपकागदाने टिपायचं. मग मायक्रोस्कोपखाली बाकीचं सगळं निळं दिसतं आणि जंतू तेवढे तांबडे. एवढी साधी युक्ती, पण माझ्या आत्याच्या वेळी आमच्या तालुक्यात ती कुणाला ठाऊक होती?

"धुताना नळाची बारीक धार सोडा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नळ सोडला. नळातून नुसती हवा आली. फुस्स! कोपऱ्यातल्या पिंपात तळाला पाणी होतं, तेही टँकरचं.

आता वर्गात कोण होतं? पारनेरचे, पाथर्डीचे, जामखेडचे, कर्जतचे. पाण्याच्या बाबतीत सगळे एकाच आईची लेकरं. मेसमधून पितळी परात आली, पिंपातलं पाणी तीत ओतलं, आणि सगळ्यांनी त्यातच स्लाईडी बुडवून काढायच्या असं ठरलं. कुणाच्या तोंडून आधी निघालं ते आठवत नाही. तिथे कुणाच्याही तोंडून निघालं असतं. मॅडम "अगं पण..." म्हणाल्या, पिंपात डोकावल्या आणि बाजूला झाल्या. त्यांच्याकडे तरी दुसरं काय होतं?

अकोले तेवढी निराळी. तिने स्वतःचा पिण्याचा तांब्या आणला होता. ती स्लाईड तिरपी धरून, वरून ऐटीत धार सोडून धूत होती. माझं टाळकंच फिरलं.

"ए अकोले! पाणी काय तुझ्या धरणातून येतंय का? परात दिसत नाही का तुला?"

सगळा वर्ग हसला. ती शांतपणे म्हणाली, "माझं पिण्याचं आहे. मी तहानलेली राहीन. तुला काय करायचंय?" आणि उरलेलं पाणीही तिने ओतून टाकलं.

रोग्याची स्लाईड मी आधी बघितली. काचेवर तेलाचा थेंब टाकला, स्क्रू फिरवला, आणि बघते तर काय! निळ्या साडीवर लग्नातल्या अक्षता सांडाव्यात तशा तांबड्या काड्या. इतकं देखणं दिसत होतं की हा रोग आहे हे विसरायला झालं. मग भिंग पुसून माझी स्वतःची स्लाईड लावली. निळ्या फिकट पेशी, निळे ठिपके. सरकवत गेले. तर एका पेशीच्या कडेला तांबडी काडी. बारीक, जराशी वाकडी. थोडं पुढे आणखी एक. मग दोन जवळजवळ.

मी पुन्हा स्क्रू फिरवून बघितलं; काड्या तिथेच. दिवाळीपासून मला खोकला होता. धुळीचा असेल म्हणून मी दुर्लक्ष करत होते.

"स्वतःच्या स्लाईडवर कुणाला काही दिसलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी स्लाईड उचलली आणि फिनाईलच्या बरणीत टाकली.

मॅडमना सांगायची सोय नव्हती. मॅडम रेक्टरबाईंना सांगणार, रेक्टरबाई घरी कळवणार, आणि चुलता म्हणणार, "मी काय म्हणालो हुतो?" आबांची मान सगळ्या गावासमोर खाली जाणार. माझं कॉलेज संपणार. आणि मळ्यातलं खोपट तर तयारच होतं, शाकारलं की झालं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. संध्याकाळ झाली की कपाळाला हात लावून ताप बघायची. नसलेला ताप मला लागायचासुद्धा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. माझा तांब्या-भांडं वेगळं केलं. मेसमध्ये सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि ताट स्वतः उकळत्या पाण्याने धुवायची. पोळ्यांवाली बाई बघत राहायची. "तू घोरतेस, मला झोप लागत नाही," असं अकोलेला सांगून मी माझी गादी व्हरांड्यात नेली. ती घोरत नव्हती. तिला फार लागलं ते. "जा, उंदीर चावतील तुला," एवढंच म्हणाली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. वर्गही त्या दिवसांत विचित्र गप्प होता, पण मला दुसऱ्याकडे बघायला सवड कुठे होती?

रविवारी आबा आले.

ते तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरची जमीन होती, पण पाऊसच नाही तर जमीन काय चाटायची? एस.टी.तून उतरून हॉस्टेलपर्यंत चालत आलेले. भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ. फडक्यात मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन लाल ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी. मला बघून एवढे खूश झाले की दारातच म्हणाले, "वाळलीस गं माय!" ते ऐकून मला धडकीच भरली.

भेटीच्या खोलीत बसलो. म्हणजे ते बाकावर बसले आणि मी लांब खिडकीपाशी उभी राहिले. माझा भरलेला तांब्या टेबलावर होता. आबांनी घाम पुसला आणि सहज हात पुढे केला.

"थांबा आबा! मी मेसमधून आणते."

"आगं, ह्यो भरल्याला हाय की."

त्यांनी प्यायला तांब्या वर उचलला. मी धावत जाऊन तो त्यांच्या हातातून हिसकावला. पाणी सगळं फरशीवर सांडलं. दुष्काळात, आमच्या घरच्या माणसासमोर, तांब्याभर पाणी. आबांनी आधी त्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच्या हातांकडे. दगडाने फुटलेले, भेगांत धूळ बसलेले हात.

"व्हय," ते म्हणाले. "हात लई घाण हायती माझे. तुझं बरुबर हाय, पोरी. मी ष्टँडावर पिईन पाणी."

मला ओरडून सांगायचं होतं, आबा, तुमचे हात नाही हो, माझं तोंड घाण आहे! पण मी रिकामा तांब्या टेबलावर ठेवला. त्यांनी भाकरीचं फडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले. आत्याची भाकरी आम्ही अगदी तशीच ठेवायचो. "खाऊन घे. निवल्यात," म्हणाले आणि पाठ वळवून निघून गेले. मी फडकं पोटाशी धरून तिथेच खाली बसले.

अकोलेने दारातून हे सगळं बघितलं होतं. अबोला विसरून ती अंगावर आली. "बापाला पाणी देत नाहीस? एवढी शहरी झालीस होय गं? लाज नाही वाटत?"

मग मात्र बांध फुटला. मी रडत रडत सगळं सांगितलं. काड्या, खोकला, खोपट, चुलता. "जवळ येऊ नकोस," असंही म्हणाले. ती एक पाऊल मागे गेली, हे मी बघितलं. मग पुढे येऊन माझ्याशेजारीच बसली.

"पण माझ्या स्लाईडवर एक काडी नव्हती," ती म्हणाली.

"तुझ्या काचेवर कशी असेल? तू धडधाकट."

"मॅडमकडे चल."

"नाही."

"मग मी एकटी जाते आणि तिखटमीठ लावून सांगते." तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढत नेलं. ती ताकदीची होती, डोंगर चढणारी.

मॅडम घरी तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून त्या घाबरल्याही नाहीत की मागेही सरल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तू स्लाईड कशात धुतलीस?"

"परातीत."

"आणि ही?"

"तांब्याच्या धारेखाली," अकोले म्हणाली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "देवा! उद्या सगळ्यांना लॅबमध्ये बोलवा. आणि येताना मेसमधून वाटीभर दही आणा."

दही कशाला ते आम्हाला कळेना. त्या रात्री मात्र गादी खोलीत परत आली, म्हणजे अकोलेनेच ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना विचारलं, "त्या दिवशी स्वतःच्या स्लाईडवर तांबड्या काड्या कुणाला दिसल्या? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. माझासुद्धा. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन काचांवर दही पसरलं आणि ज्योतीवर धरलं. परातीत पिंपाचं पाणी घेतलं. मग दवाखान्याच्या स्लाईडी रंगवायला घेतल्या, एकेक त्या परातीत बुडवून धुतली, आणि त्याच पाण्यात दह्याची एक स्लाईड धुतली. दह्याची दुसरी मात्र घरून आणलेल्या कळशीतल्या ताज्या पाण्याच्या धारेखाली. धारेखालची आधी दाखवली. सगळं निळं. मग परातीतली लावली आणि मला पुढे बोलावलं.

मी डोळा लावला. दह्यातले जाडजूड निळे जंतू, आणि त्यांच्यामध्ये एक तांबडी काडी. सरकवलं. आणखी एक.

"मॅडम," मी ओरडलेच, "दह्याला क्षय झालाय!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि असा हशा उसळला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. दवाखान्याच्या स्लाईडीवरचे जंतू धुताना सुटून पाण्यात उतरत होते आणि पुढच्या माणसाच्या काचेवर जाऊन चिकटत होते. रोगी परातीत होता, आमच्यात नव्हता!

"आता करा हात वर," मॅडम म्हणाल्या.

आधी जामखेडचा हात गेला. मग पाथर्डीचा. मग कर्जतचा. मग इतके हात वर गेले की मी बघतच राहिले. अर्धा वर्ग त्या दिवसापासून मरणाची तयारी करत होता, आणि प्रत्येक जण एकटा! जामखेड तर माळकरी घरातला, पण अंगात ताकद यावी म्हणून चोरून अंडी खात होता. ते त्याने स्वतःच सांगितलं आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. एवढं हलकं मला आयुष्यात क्वचित वाटलंय. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

"मी त्याच दिवशी अडवायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, इकडची मुलं आहेत, पाण्याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

माझा खोकला खरा होता, म्हणून त्यांनी मला तेवढ्यावर सोडलं नाही. सकाळची थुंकी घेऊन नव्या काचांवर पुन्हा पुन्हा तपासली, धुवायला त्यांच्या घरचं पाणी वापरलं. कुठेच काही नाही. दवाखान्यात छातीचा फोटोही काढवला, तोही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "धुळीचा खोकला आहे. पाऊस पडला की जाईल." अकोले महिनाभर मला चिडवत होती. "पारनेर, पाणी वाचवलंत आणि दह्याला रोग लावलात!" मी सगळं ऐकून घेत होते. तिला पाय धुवायला बादली मी स्वतः भरून द्यायची.

त्याच आठवड्याच्या शनिवारी पहिली एस.टी. धरून मी गावी गेले. घरी न जाता थेट कामावर. आबा दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसले होते. मला बघून उठले. स्वतःचा तांब्या उपरण्याने आतून-बाहेरून पुसायला लागले, पुन्हा पुन्हा, आणि हात लांब करून माझ्यापुढे धरला.

आमच्यात तांब्या ओठाला लावत नाहीत, वरून पितात. मी ओठाला लावला. अर्धा प्यायले आणि त्यांच्यापुढे धरला.

"उष्टं हाय की," ते म्हणाले.

"आहेच. प्या."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग तिथेच ओठ लावून तळापर्यंत प्यायले. मिशा पुसल्या. "आता सांग. काय झालं हुतं?"

मी सगळं सांगितलं. दह्याचं आलं तेव्हा ते इतके हसले की खडीच्या ढिगावर मागे रेलले. शेजारच्या गड्यांना हाका मारून म्हणाले, "ऐकलं का रं? दह्याला क्षय झालाय नगरात!" हसू ओसरल्यावर हातातला रिकामा तांब्या फिरवत बसले.

"आक्काला कुणी असं तपासलं न्हवतं," ते म्हणाले. "कुणी काचंवर बघितलं न्हाई. खोकती म्हनले, आन् न्हेऊन ठिवली."

मी त्यांच्या फुटलेल्या हातावर माझा तांबड्या नखांचा हात ठेवला.

संध्याकाळी कामावरून आम्ही घरी न जाता मळ्यात गेलो. आबांनी खोपटाच्या मेढी उपटल्या, कुडाच्या काठ्या मोडल्या. मी मोळी बांधली. चुलता बांधावरून ओरडला, "आरं, काय करतोस ते?"

"जळान लागतंय घरी," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चुलीत तीच लाकडं घातली आणि मोठा हंडा चढवला. घमेलं बाजूला सारलं, न्हाणीत पाट मांडला. "दुष्काळ गेला खड्ड्यात," ती म्हणाली, "आज डोक्यावरून घे." आणि तिने स्वतःच पहिला तांब्या माझ्या डोक्यावर ओतला.